दोन नावांचा मी एकटा

मी एक जुना ऑब्जेक्ट आहे, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतली माहितीची एक पेटी. मित्रांनो, नाक मुरडू नका. श्रवणयंत्रांच्या एका छोट्या दुकानातल्या संगणकात मी राहतो. माझ्या पोटात चोवीस आकडे होते, कानातल्या यंत्राने कोणता आवाज किती मोठा करायचा ते सांगणारे. रोज संध्याकाळी मला फाइलीत निजवत आणि सकाळी उठवत.

मला स्वतःचं नाव नाही. नाव असतं व्हेरिएबलला. व्हेरिएबल म्हणजे एक चिठ्ठी, तिच्यावर माझा पत्ता. त्या पत्त्याला रेफरन्स म्हणतात. माझ्या चिठ्ठीचं नाव होतं 'आजोबा'.

हे आजोबा म्हणजे करवतीच्या आवाजाने कान गेलेले एक सुतार. दुकानवाले मामा त्यांना त्यांच्या बायकोसमोर, म्हणजे आजींसमोर, बसवत. आजींचा आवाज मुळातच बारीक.

"अहो, ऐकू येतंय का?"

"तू पुटपुटतेस आणि दोष माझ्या कानांना!"

मग मामा माझा एखादा आकडा किंचित वाढवत. हे असं चार वर्षं चाललं. एके दिवशी आजी तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "हट्टी म्हातारा मेला." आजोबा ताडकन म्हणाले, "ऐकलं बरं का!" मामांनी टेबलावर थाप मारली. मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढलो.

पुढे मामा वारले. दुकान भाचीकडे आलं. पोरगी गुणी, पण घाईची. आजोबांचं यंत्र शिट्टी मारू लागलं, तेव्हा ती म्हणाली, "मामांचे आकडे आधी जपून ठेवते, मग शून्यापासून बघते." आणि तिने लिहिलं, जुने = आजोबा.

अगं बाई, ही कॉपी नव्हे! माझ्याच पत्त्याची दुसरी चिठ्ठी आहे ही! एकाच बाईला कुणी ताई म्हणतं, कुणी मावशी. ताईला ताप आला तर मावशी ठणठणीत राहील का? मी जीव तोडून ओरडलो. पण आमचं कोण ऐकतं?

तिने 'आजोबा'त चोवीस शून्यं भरली, दोन्ही नावं दोन फाइलींत सेव्ह केली; त्यात माझी रोजची फाइलही पुसली गेली. मग 'जुने' उघडलं. तिथेही शून्यंच.

"मामा, मी हे काय करून बसले!" ती ढसाढसा रडली. तिने सगळे खण उपसले. वही नव्हती. मामांचं सगळं कानावर चालायचं.

शेवटी तिने सगळ्यांना सरसकट लावायच्या छापील तक्त्यावरून नवा ऑब्जेक्ट केला आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर त्याचा पत्ता घातला. माझा पत्ता आता कुणाकडेच नाही. अशांना संगणक झाडून टाकतो. टाकू दे. शून्यं घेऊन जगण्यात काय राम आहे?

मित्रांनो, पाया पडतो. जे जपायचं ते खरोखर दुसरीकडे उतरवून घ्या, आणि जुन्याला हात लावण्याआधी एकदा उघडून बघा. नुसत्या दुसऱ्या नावाने काही वाचत नाही.

आज आजोबांनी यंत्र लावलं. आजी जवळ सरकून म्हणाल्या, "अहो, ऐकू येतंय ना माझं?"

आजोबा हसले. "हो हो, कर की बंद पंखा."

आजींनी भाचीकडे पाहिलं. मग त्या उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.