साबुदाण्याच्या डब्यातला रिपोर्ट

श्रीपादरावांना स्वयंपाकघरात मोकळं सोडलं, ही सरोजची चूकच झाली. पित्तनळीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता आणि बाहेर फिरणं बंद. वागळे इस्टेटमधल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासलेला माणूस डोंबिवलीच्या घरात तपासणार काय? डबे! डाळ पास, हिरवं स्टिकर. रवा नापास, लाल स्टिकर.

"अगं, रव्यात अळ्या आहेत. अख्खा डबा रिजेक्ट!"

"अहो, दोनच असतील. चाळून घेते."

"दहात दोन वाईट निघाले की लॉट परत. नियम म्हणजे नियम."

हाच नियम सरोजला नको होता. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट केव्हाच आला होता. दुसरी स्टेज. मोबाइलवर तिने वाचायचं ते वाचलं, नको तेही वाचलं. किती जण वाचतात ते आकडे ऐकले की हा माणूस स्वतःलाच लाल स्टिकर लावेल, जेवण-औषध सोडून बसेल, याची तिला धास्ती होती. म्हणून "लॅबवाले फार वेळ लावतात हो" असं ठोकून देत तिने रिपोर्टचं पाकीट साबुदाण्याच्या डब्यात दडपलं. ऑपरेशनपासून खिचडी बंद होती. तिकडे कोण फिरकतंय!

माजिवड्याच्या हॉस्पिटलात जायचा दिवस उजाडला. तिने पाकीट तसंच पर्समध्ये टाकलं. डॉक्टर देवयानींना आधी एकटीने गाठायचं ठरवलं होतं, पण श्रीपादराव तिच्याआधी खुर्चीत जाऊन बसलेसुद्धा. नाइलाजाने तिने पाकीट पुढे केलं.

डॉक्टरांनी कागद उघडला आणि त्यांना हसू आलं. वरच्या कोपऱ्यात हिरवं स्टिकर होतं. त्यावर 'पास', सही आणि आठवड्यापूर्वीची तारीख. सरोजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गाठ नळीच्या भिंतीबाहेर थोडी गेली होती," डॉक्टर म्हणाल्या. "पण कापलेल्या कडांवर आजार नाही, आणि तो पुढे कुठे पसरलेलाही दिसत नाही. सहा महिने गोळ्या घेऊ."

"आणि पाच वर्षांनी?" श्रीपादरावांनी विचारलं.

"अशा दहा जणांतले चार-पाच जण हयात असतात."

सरोजने नवऱ्याचा हात घट्ट धरला. श्रीपादरावांनी दुसऱ्या हाताने रिपोर्टवरचं स्टिकर नीट दाबलं.

"एवढ्या वाईट आकड्यावर मी अख्ख्या नोकरीत एकही लॉट सोडला नाही."

"मग हिरवं का लावलंत?" सरोजचा आवाज चिरकला.

"अगं, तो माल मला घरी न्यायचा नसायचा. हा न्यायचाय."

तिला रडू फुटलं. डॉक्टर उगाच कॉम्प्युटरकडे बघत राहिल्या. श्रीपादरावांनी रुमाल काढून दिला आणि ते डॉक्टरांकडे वळले.

"तूप कमी घातलं तर खिचडी चालेल ना? साबुदाणा चांगला आहे. मी बघितलाय."