बिनतोफांचं यान

भूपेंद्र तुमसरच्या एका राइस मिलमध्ये सुपरवायझर होता. घरी आला की मोबाईलवर ग्रहांची लढाई खेळायचा. त्या खेळात प्रत्येकाचा एक ग्रह असायचा आणि यानं आपली आपणच बनवायची. वजनाची मर्यादा ठरलेली. इंजिन, इंधन, चिलखत, तोफा यांतलं काय किती बसवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. भूपेंद्र नुसत्या तोफा भरायचा आणि त्याची यानं रखडत जायची.

लग्नानंतर एकदा डिंपलने त्याच्या खांद्यावरून पाहत म्हटलं, "तोफा कमी करा न जी, इंजिन मोठं घ्या. आन् शेपटीले एक रडार लावा. मागून कोन येते ते दिसन."

ते यान जिंकलं. तेव्हापासून यानं डिंपल बनवायची आणि खेळातल्या त्याच्या गटातले लोक भूपेंद्रला 'इंजिनियर साहेब' म्हणायचे. एका संध्याकाळी गटाचा कॉल सुरू असताना तिचा आवाज पलीकडे ऐकू गेला.

"बायकोले विचारून लढता का साहेब?" कोणीतरी हसलं.

भूपेंद्रही हसला. कॉल संपल्यावर मात्र म्हणाला, "आता याले हात नोको लावू."

तिने लावला नाही. पण यान जुळवताना डोकं जसं चालायचं तसं घरात दुसऱ्या कशात चालत नव्हतं. तो मिलमध्ये गेला की ती दुपारी आपल्या मोबाईलवर खेळू लागली. नाव घेतलं 'पाणकोंबडी'. एका लहानशा गटात शिरली. पुढे त्या गटाची भूपेंद्रच्या गटाशी लढाई जुंपली. तिला बाहेर पडता आलं असतं. ती पडली नाही. तिच्या हलक्या यानांनी त्याची जड यानं फोडली तेव्हा तिला आनंदच झाला.

भूपेंद्र हरत गेला, पण चिडला नाही. जेवताना फक्त विचारायचा, "दुपारी काय करत होती?"

मग तिचं एक यान शाबूत भूपेंद्रच्या गटाच्या हाती लागलं. पकडलेलं यान उघडून पाहता येत असे. त्याच्या शेपटीला रडार होतं, भूपेंद्रला डिंपलनेच सुचवलेलं.

त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही. एका दुपारी तिच्या गटात नवा माणूस आला आणि त्याने फक्त तिलाच मेसेज केला:

'आज वांग्यात मीठ कमी होतं.'

सकाळी तिने भूपेंद्रच्या डब्यात वांग्याची भाजी दिली होती.

संध्याकाळी भूपेंद्र हातपाय धुऊन ताटावर बसला. एक घास खाल्ला, तिच्याकडे पाहून हसला. "आता बरोबर आहे मीठ."

त्याची आई, सुलोचनाबाई, भाकर वाढता वाढता थांबली.

दुसऱ्या दिवशी तो मिलमध्ये गेल्यावर सासूने विचारलं, "काय झालं वं?"

डिंपलने सगळं सांगितलं. खेळातलं सुलोचनाबाईला काही कळलं नाही.

"ओरडला का तो?"

"नाही."

"त्याचा बापबी ओरडत नोहता," सुलोचनाबाई म्हणाली. तिने कपाटावरची बॅग स्वतः खाली काढली. "भावाकडे जा. तो घरी यायच्या आधी निंघ. मी पाह्यतो इथलं."

डिंपल एसटीने भंडाऱ्याला टेकचंदकडे आली. गटाचा निरोप घ्यावा म्हणून तिने दिवेलागणीला खेळ उघडला. तिच्या ग्रहाशेजारी भूपेंद्रचं एक यान उभं होतं. आपल्या ग्रहाशी येऊन थांबलेलं यानही उघडून पाहता येत असे; तिने पाहिलं. तोफा नाहीत, चिलखत नाही. सगळ्या जागा इंधनाने भरलेल्या.

"हे काय करन?" टेकचंद वाकून म्हणाला. "याच्याजवळ तर काहीच नाही. जवाई हरले वाटते."

"ते लढाले नाही आलं दादा. ते थांबाले आलं. कितीबी दिवस थांबू शकते."

टेकचंद उठला. बाहेर गेला आणि फाटकाला आतून कुलूप लावून आला.