संदेष्ट्याला दिसलेली लाल गाय

त्या रविवारी आमच्या म्बाले गावच्या बाजारामागच्या मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंडपात संदेष्टे वाब्विरे माइक धरून थरथरत होते.

"मला एक मास्तर दिसतोय! वामोनो नावाचा! त्याचं रक्त उसळतंय, दाब आहे दाब!"

तो वामोनो मीच. या माणसाला मी जन्मात भेटलो नव्हतो. धावत जाऊन मी सरळ त्यांच्या पायांवर लोळण घेतली.

"ऊठ! गोळ्या फेक! आजपासून तू मुक्त!"

मी खिशातल्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथेच भिरकावल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मी कोण, तर या गावचा संगणक शिकवणारा मास्तर. कॉफी पिकवणाऱ्यांना फोनवर बाजारभाव बघायला मीच शिकवलं, म्हणून दलाल अजून मला शिव्या घालतात. एवढा मी हुशार!

माझी बायको नांबोझो दवाखान्यात नर्स आहे. चार दिवसांनी मला घेरी आली तेव्हा तिनं माझा दाब मोजला आणि तिचा चेहराच उतरला.

"गोळ्या कुठायत?"

"संदेष्ट्यांनी सोडायला सांगितल्या. अगं, त्यांना सगळं दिसतं!"

"दिसेल नाहीतर काय! दंडाला पट्टा बांधून फोटो कुणी टाकला होता फोनवर? खाली 'दाब वाढलाय, प्रार्थना करा' कुणी लिहिलं होतं? आधी ही गोळी घ्या."

"तो योगायोग गं."

तिनं वाद घातला नाही. माझाच फोन घेऊन माझ्याच नावानं लिहिलं: 'आमची लाडकी लाल गाय गेली. घर सुनं झालं.' आमच्याकडे गाय सोडा, कोंबडीसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी वाब्विरे गरजले, "मास्तर वामोनो! तुझा गोठा रडतोय! लाल गाय! शेजाऱ्यानं करणी केलीय!"

मी वळून बायकोकडे बघितलं. नांबोझो उठून उभी राहिली.

"बाबा, तिचं कुठलं शिंग मोडलेलं होतं हो?"

वाब्विरेंचा हात टोपीखाली कानाकडे गेला. "डावं... डावं!"

"आमच्याकडे गायच नाही. टोपी काढा, कानात कोण बोलतंय ते आम्हालाही ऐकू द्या!"

कुणीतरी टोपी ओढली. कानात मण्याएवढं यंत्र! पडद्यामागे चेले फोन घेऊन बसलेले सापडले. प्रार्थनेच्या ग्रुपसाठी म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाचा नंबर ते घेत. नंबरावरून नाव सापडे आणि नावावरून, आम्हीच जगापुढे मांडून ठेवलेलं अख्खं घर.

"गाय सैतानानं लपवली!" असं काही जण तरीही म्हणालेच. पण सोमवारी सोडलेली औषधं परत मागायला दवाखान्यात रांग लागली. मिरगीच्या मुलीला पाठुंगळी घेऊन आलेली एक आई रांगेत माझ्यापुढे उभी होती; तिनंही मुलीच्या गोळ्या फेकल्या होत्या. त्या मुलीकडे बघताना माझं सगळं हसू विरलं.

म्हणून हात जोडून सांगतो. कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर पाया पडण्याआधी विचारा, 'याला हे कळलं कुठून?' आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका, सांगणारा कितीही थरथरत असला तरी.