लुकास हापसा दुरुस्त करताना

"मानवसेवेला देश नसतो, वर्ण नसतो, सीमा नसते," संस्थेच्या अध्यक्षा फ्राउ राइंडल माइकवरून म्हणाल्या. त्याच दमात, केकची रांग डावीकडूनच लावावी, उजवीकडून लावल्यास कॉफीवाल्यांची अडचण होते, असंही म्हणाल्या. चर्चच्या सभागृहातले साठ-सत्तर लोक शिस्तीत डावीकडे सरकले.

नागेश कुलथे मात्र जागचा हलला नाही. तो भिंतीवरच्या मोठ्या पोस्टरसमोर उभा होता.

"पापा, दास बिस्ट डू!" हा तूच आहेस, असं त्याची नऊ वर्षांची मुलगी ओवी ओरडली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं.

तोच होता. पोस्टरच्या मध्यभागी एकोणीस वर्षांचा स्वयंसेवक लुकास, संस्थेचा पांढराशुभ्र टी-शर्ट घालून, हातात पाना घेऊन हसत होता. पाना उलटा धरलेला होता. त्याच्या पायाशी चिखलात, बनियनवर, पाइपला मिठी मारून बसलेला नागेश होता. फोटोच्या कडेला मनगटापाशी कापला गेलेला आणखी एक हात होता, पण तो कुणाचा हे विचारण्याची कुणाला गरज पडली नव्हती. खालची ओळ ओवीने मोठ्याने वाचली. मराठीत तिचा अर्थ असा होत होता: 'लुकास हापसा दुरुस्त करताना. सोबत एक कृतज्ञ गावकरी.'

शिवांगी आधी फिस्सकन हसली. मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"अरे, चूक झाली असेल त्यांची."

"चूक? एका मिलिमीटरची चूक झाली तर हीच माणसं माझ्याकडे सहा पानी खुलासा मागतात. इथे अख्खा माणूस चुकलाय, शिवांगी."

"मग सांग ना जाऊन. माझ्यावर काय ओरडतोस?"

नागेश जर्मनीत, इंगोलश्टाटमध्ये गाड्यांच्या पंपांची सीलं तपासायचा. तेलाचा एक थेंब गळू नये, या एकाच काळजीत त्याची पंधरा वर्षं गेली होती. त्या काळजीबद्दल त्याचं कुणी कधी कौतुक केलं नव्हतं, कारण न गळलेला थेंब कुणाला दिसत नाही. दोन हजार चौदाच्या जूनमध्ये त्याने तीन आठवडे रजा काढली आणि या फेराइनबरोबर, म्हणजे आपल्याकडच्या सेवाभावी मंडळासारख्या संस्थेबरोबर, झांबियातल्या एका खेड्यात गेला. तिथे शाळेची भिंत रंगवायची होती. भिंत आधीच्या वर्षीच्या तुकडीने रंगवलेलीच होती. या वर्षी तिला दुसरा रंग द्यायचा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला शाळेमागे बंद पडलेला हापसा दिसला, आणि तो ब्रश ठेवून जवळ गेला. तेच तिवईसारखे पाय, तेच लांब हँडल, वरच्या पेटीवर तीच अक्षरं: मेड इन इंडिया. त्याचे वडील, अण्णा, बार्शी पंचायत समितीत हापशांचे मेकॅनिक होते. शाळेच्या सुट्टीत नागेश त्यांच्या सायकलवर मागे बसून, मांडीवर पाने घेऊन, गावोगाव हिंडला होता.

हापशाची जबाबदारी गावात एस्नार्ट फिरी या बाईंकडे होती. वय साठीचं, दंड पैलवानाचे. दोघांनी मिळून पहाटेपासून एकेक लोखंडी पाइप वर ओढला. लुकास अधूनमधून येऊन पाना हातात घ्यायचा, फोटो झाला की ठेवायचा.

"हे काम तुम्हाला जर्मनीत शिकवलं?" एस्नार्टबाईंनी विचारलं होतं.

"नाही हो. वडिलांनी. चामड्याचा वायसर झिजला आणि नवा मिळाला नाही, तर ते स्वतःची चप्पल कापायचे. मग आठवडाभर अनवाणी."

"आणि तुमची आई काय म्हणायची?"

"ते सांगण्यासारखं नाही."

बाई इतक्या हसल्या की हातातला पाइप सुटता सुटता राहिला.

इथेही वायसरच झिजला होता. तालुक्याच्या बाजारात नवा मिळेना. नागेशने जुनाच तेलात भिजवून बसवला, दुपारी पाणी आलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. "महिनाभर चालेल," तो म्हणाला. "नवे मी दोन आठवड्यांत पाठवतो."

निघताना लुकासने समारंभपूर्वक आपले डोंगर चढायचे चामडी बूट गावाला भेट दिले. नंबर सेहेचाळीस. गावात तो पाय कुणाचाच नव्हता.

वायसर गेले नाहीत. परस्पर काही पाठवायचं नाही, असा फेराइनचा नियम होता, म्हणून नागेशने रीतसर आंट्राग भरला. तो अर्ज जुलैच्या बैठकीत 'पुढील बैठकीत घेऊ' झाला, सप्टेंबरच्या बैठकीत आकृती जोडलेली नाही म्हणून परत आला. लाजेपोटी नागेशने एस्नार्टबाईंना फोन करणंच सोडलं.

"बार्शीच्या तुझ्या मावसभावाला सांगितलं असतंस तर त्याने खोकंभर पाठवले असते," शिवांगी आज सकाळीच म्हणाली होती. "पण नाही. साहेब जर्मनांपेक्षा जर्मन. आंट्राग भरत बसले."

हे खरं होतं, म्हणून राग दुप्पट होता.

नागेशने पोस्टर दाखवलं तेव्हा फ्राउ राइंडल कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हेर कुलथे, ग्राफिकवाल्याची चूक! पण फोटो किती जिवंत आलाय, नाही? आता तुमची पाच मिनिटं. विषय, आफ्रिकेतला एक दिवस."

"आणि वायसर?"

"नोव्हेंबरच्या बैठकीत. नक्की."

नागेशने माइक घेतला.

"आफ्रिकेतला एक दिवस सांगतो," तो म्हणाला. "पहाटे चारला बाई उठते. हापसा बंद, म्हणून डोक्यावर बादली घेऊन ओढ्यावर जाते. एक तास जायला, एक तास यायला. ओढ्यातून गुरंही पितात. ते पाणी ती पोरांना पाजते, आणि मग तुम्ही दोनदा रंगवलेल्या शाळेत पाठवते. हापसा बंद आहे कारण माझ्या तळहाताएवढा चामड्याचा तुकडा पाठवायला तुम्हाला तीन बैठका लागतात. आणि मला लाज वाटते, कारण मी त्या बैठकांची वाट बघत बसलो. त्या पोस्टरवरचा गावकरी मी आहे. मी कृतज्ञ नाही."

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. नागेशला शिव्या चालल्या असत्या, टाळ्यांचं काय करावं त्याला कळेना.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" फ्राउ राइंडल डोळे टिपत म्हणाल्या. "किती अस्सल!"

पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी त्याचा हात हातात घेतला. "तुमच्या गावात यंदा पाऊस कसा आहे?"

"बार्शीत?" नागेश म्हणाला. "कमीच."

तो बाहेर सायकलींपाशी आला आणि त्याने फोन लावला. रविवारी दुपारी एस्नार्टबाई बाजारात फोन चार्ज करायला यायच्या, हे त्याला ठाऊक होतं.

"मिस्टर नागेश! जिवंत आहात का?"

"माफ करा. वायसर अजून..."

"कसला वायसर? ऑगस्टपासून हापसा चालू आहे."

"कशावर?"

"तुमचे वडील चप्पल कापायचे ना? इथे सगळ्यांच्या चपला प्लास्टिकच्या. मग त्या गोऱ्या पोराचे बूट आठवले. एका बुटाची जीभ कापली. फार चांगलं चामडं हो! डावा वापरलाय, उजवा राखून ठेवलाय. तुम्ही बरे आहात ना? आवाज असा का येतोय?"

"थंडी आहे इथे," नागेश म्हणाला.

तो आत आला तेव्हा लुकास मार्कर घेऊन पोस्टरसमोर उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

"हेर कुलथे, मला खरंच माहीत नव्हतं. माझं नाव खोडतो. तुमचं लिहितो."

नागेशने पोस्टरकडे पाहिलं. मग लुकासच्या नव्या बुटांकडे.

"तुझं राहू दे," तो म्हणाला. "ते बरोबर आहे."

त्याने मार्कर घेतला, 'कृतज्ञ गावकरी'वर काट मारली आणि कडेच्या कापलेल्या हाताशेजारी लिहिलं: एस्नार्ट फिरी.

सहा वाजता सभागृह रिकामं करून द्यायचं होतं. पोस्टर चार घड्या घालून जुन्या कागदांच्या डब्यात गेलं.