झाडूंच्या नाचाची चाल

एक सोडून सगळ्या चाली ब्रोन्याबाईंनी लेकीच्या बँडला दिल्या. जन्मगाव लुब्लिनच्या अंगाईगीतांच्या, युद्धात ताश्कंदच्या निर्वासित वस्तीत शिकलेल्या, नव्या देशात आल्यावर कार्ल्टनच्या कपड्यांच्या कारखान्यात मशीनच्या ठेक्यावर बायका म्हणायच्या त्या. दर रविवारी दुपारी एल्स्टर्नविकच्या त्यांच्या स्वयंपाकघरात चारही वादक दाटीवाटीनं बसायचे. समोर लिंबू घातलेला बिनदुधाचा चहा आणि मधाचा केक. बाई टेबलावर बोटांनी ताल धरून गायच्या आणि मध्येच थांबून पोरांच्या यिडिश बोलीची टिंगल करायच्या. पोरं बिचारी भाषा क्लासला जाऊन शिकलेली. अकॉर्डियनवाला बेनो तर इतकी शुद्ध बोले, की बाई म्हणत, याच्याशी बोलण्याआधी मला केस विंचरावेसे वाटतात.

न दिलेली चाल होती झाडूंच्या नाचाची. आमच्या ज्यू लोकांत शेवटचं लेकरू उजवलं की आईला हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसवतात, डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवतात आणि पाहुणे झाडू घेऊन तिच्याभोवती नाचतात. घर झाडून मोकळं झालं, आता सुटलीस बाई! या नाचाची चाल गावोगाव वेगळी असे. ब्रोन्याबाईंच्या वडिलांची स्वतःची होती. ते व्हायोलिन वाजवत. युद्धात ते लुब्लिनला मागे राहिले ते राहिलेच, मागे फोटोही नाही. लेकीला घेऊन पळालेल्या त्यांच्या बायकोनं ती चाल ताश्कंदमध्ये तिच्या कानावर घातली, आणि आता ती जगात एकाच डोक्यात उरली होती.

"ती पेर्लाच्या लग्नात," बाई म्हणायच्या. विषय संपला.

पेर्ला ही त्यांची थोरली लेक. बँडची व्हायोलिनवाली, पन्नाशी ओलांडलेली, लग्न न केलेली आणि तसा विचारही नसलेली. धाकटी हेनी कधीच लग्न करून गेली होती. हेनीच्या लग्नातही पेर्ला वाजवणाऱ्यांतच उभी होती. कुणीतरी हौसेनं झाडू आणले, ब्रोन्याबाईंना खुर्चीकडे ओढलं, क्लॅरिनेटनं पहिली ओळ घेतलीसुद्धा. बाईंनी हात सोडवून घेतला आणि भरल्या हॉलमध्ये सांगितलं, "अजून एक घरात आहे." लोक हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. पेर्लाचा गज हवेतच राहिला. तेव्हापासून कुठल्याही लग्नात झाडू निघाले की ती व्हायोलिन खाली ठेवून पाणी प्यायला जाई. बँडमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी विचारत नव्हतं.

पुढे पेर्लाचे वडील गेले आणि ती आईजवळ राहायला आली. टोमणे चालूच होते. व्हायोलिनशी संसार मांडलायस, पण व्हायोलिन काही म्हातारपणी पाणी देत नाही, वगैरे. पाणी कोण कुणाला देत होतं ते दोघींनाही दिसत होतं. मग बाई गॅस चालू ठेवून ब्रेड आणायला जायला लागल्या. पेर्लाला हेनीच्या नावानं हाका मारायला लागल्या. एका सकाळी नीट शुद्धीवर असताना त्यांनी जाहीर केलं, की आपण कॉलफील्डच्या वृद्धाश्रमात जाणार. पेर्ला रडली, भांडली. बाईंनी एवढंच म्हटलं, की तू झोपत नाहीस, मला ऐकू येतं. घर सोडायचं ठरलं.

बेनोनं चाचरत विषय काढला. ती चाल आता तरी माग, नाहीतर गेली.

"मग नवरा आणू का? रविवारपर्यंत?" पेर्ला त्याच्या अंगावर धावून गेली.

नंतर तिचं तिलाच वाईट वाटलं. ती चाल तिच्याइतकी दुसऱ्या कुणाला हवी होती? न पाहिलेल्या आजोबांचं तेवढंच काय ते उरलं होतं. पण मागायचं म्हणजे आईसमोर कबूल करायचं, की आपल्यामुळेच ती अडलीय. ते तिच्यानं होईना.

रविवारी सामान न्यायला अख्खा बँड वाद्यांसकट आला. पलंग गेले, शिलाई मशीन गेलं, भांडी हेनीनं गाडीत भरली. मागे एकच खुर्ची राहिली. तिच्यावर ब्रोन्याबाई कोट घालून, पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. इतकी वर्षं गाण्यांनी भरलेलं ते स्वयंपाकघर रिकामं झाल्यावर एवढंसं दिसत होतं. पेर्ला कोपरे झाडत होती.

"झाडू इकडे दे," बाई म्हणाल्या. पेर्लाला वाटलं, कुठेतरी केर राहिला असणार. तिनं दिला. बाई भिंत धरून उठल्या.

"बस."

"आई, गाडी खाली थांबलीय."

"थांबू दे. बस म्हणते ना."

पेर्ला बसली. दारात हेनी आणि बँडची मंडळी उभी राहिली.

"मला वाटायचं, तुला मार्गी लावायचं राहिलंय," बाई म्हणाल्या. "अगं, आंघोळ घालतेस तू, बटणं लावतेस तू, भरवतेस तू. या घरातलं लेकरू मी आहे. आणि आज मी कॉलफील्डला नांदायला निघालेय. शेवटचं लेकरू तू उजवलंस, माझ्या पेर्लेले. हा मान तुझा."

आणि त्या गायला लागल्या. चाल थोडी वेडीवाकडी होती, दर ओळीला एक पाऊल मागे येणारी. आवाज फाटत होता, पण सूर जागच्या जागी होते. झाडू फरशीवर ओढत त्या खुर्चीभोवती निघाल्या. बेनोनं पहिली फेरी नुसती ऐकली, दुसऱ्या फेरीला हळूच अकॉर्डियन धरलं. हेनीनं गळ्यातला स्कार्फ काढून बहिणीच्या डोक्याभोवती गुंडाळला. पेर्लाला हातांचं काय करावं कळेना. कुठलीही चाल वाजत असताना ती पहिल्यांदाच नुसती बसून होती. तिनं तोंड ओंजळीत झाकलं आणि ढसाढसा रडली.

ब्रोन्याबाई तिच्यासमोर दम खायला थांबल्या.

"मान वर ठेव," त्या म्हणाल्या. "मुकुट पडेल."