पाचव्या पेपरची तोंडी

धर्मपाल सरांना अमेरिकन साहित्य शिकवायला लागून एकवीस वर्षं झाली होती, आणि आता त्यांना अमेरिकेचाही कंटाळा आला होता. घाटंजीच्या त्या कॉलेजात एम.ए. इंग्रजीला नावं चौदा जणांची, पण दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली की वर्गात दोघं-तिघं. सर हजेरी घ्यायचे, चष्मा पुसायचे आणि तीच जुनी वही उघडायचे.

पाचव्या पेपरचं नाव मात्र भारदस्त होतं: अमेरिकन साहित्य, सामाजिक व राजकीय संदर्भासह. हा संदर्भ गाईडमधून यायचा. प्रत्येक प्रश्नाला पाच मुद्दे, ते जसेच्या तसे उतरवले की मार्क पडलेच म्हणून समजा. नवे असताना सरांनी पोरांना स्वतःच्या मनानं लिहायला लावलं होतं. निम्मी पोरं नापास झाली, प्राचार्यांनी बोलावून चार गोष्टी ऐकवल्या, आणि सरांनी आपला उत्साह गुंडाळून ठेवला.

त्या वर्षी यवतमाळात कापसाचं पार वाटोळं झालेलं. गावोगाव पत्रकारांच्या गाड्या फिरत होत्या. वर्गात मात्र अमेरिकेतले काळे मजूर मालकाच्या शेतात वाट्यानं कापूस पिकवायचे, त्यांची कथा चालू होती.

त्या कथेवर रुपालीनं निबंध लिहून आणला. रुपाली जवळच्याच खेड्यातली, आईबरोबर दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जाणारी. तिनं लिहिलं होतं, ‘हे लिहिणाऱ्यानं कापूस वेचलेला दिसत नाही. वाळल्या बोंडाची टोकं नखाखाली घुसतात, ते इथं कुठंच नाही.’ आणि खाली, ‘आज अमेरिकेचं सरकार तिथल्या कापूसवाल्यांना पैसा पुरवतं, त्यानं आपल्याकडे भाव पडतो. हा राजकीय संदर्भ गाईडात का नाही?’

सरांनी ते दोनदा वाचलं. कित्येक वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. मग त्यांनी लाल पेन काढलं आणि खाली लिहिलं: तोंडी परीक्षेत हे बोलू नये. तिचे टक्के काठावर होते. पन्नासच्या खाली गेली तर प्राध्यापक होण्यासाठीची परीक्षा देता येणार नव्हती, आणि बापानं बजावलं होतं, या खेपेला नाही जमलं तर शिक्षण बंद, सरळ वावरात यायचं.

तोंडीच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक जांभया आवरत बसले होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, ‘‘या कुटुंबांना मालकाची जमीन सोडून का जाता आलं नाही?’’

रुपालीनं बोटं ओढणीत लपवली आणि गाईडचे पाचही मुद्दे न अडखळता म्हणून दाखवले. शेजारी बसलेल्या सरांना वाटत राहिलं, आता ही सहावा मुद्दा बोलेल. स्वतःच तिचं तोंड बंद केलं आणि स्वतःच आस लावून बसले. पाचव्या मुद्द्यावरच ती थांबली.

‘‘उत्तम! तयारी छान करून घेतलीत, सर,’’ परीक्षक म्हणाले आणि त्यांनी भरभरून मार्क टाकले.

सरांना ती शाबासकी चपराकीसारखी लागली. ते उठून तिच्यामागे व्हरांड्यात गेले.

‘‘रुपाली, पास झाली तू. पण तुह्या मनातलं काहून नाही बोलली?’’

‘‘तुमीच तं लिहून देलतं, सर.’’

‘‘हो, लिहून देलतं.’’ सरांचा आवाज खाली आला. आणि एकवीस वर्षांत कुणापुढे न काढलेली गोष्ट त्यांच्या तोंडून निघून गेली. ‘‘माही माय, पंचफुला, बोरी अरब गावाले जल्मभर कापूस वेचत होती. मी बी वेचला, दहावीपर्यंत. तू लिहिलं ते खरं हाय. ते नखाचं.’’

रुपालीनं लगेच विचारलं, ‘‘मंग वर्गात कधी सांगतलं नाही, सर?’’

पुढच्या बाकांवर वावरांच्या मालकांची पोरं बसायची. कुणी हसेल, कुणी जातीवर येईल, या धाकानं ते इतकी वर्षं परक्या मुलखातल्या मजुरांचं दुःख सांगत राहिले आणि घरचं झाकत राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली.

‘‘मले आधी पास व्हा लागत होतं, सर, म्हणून मी गप्प राह्यली,’’ रुपाली म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. ‘‘पण तुमी तं कवाचेच पास झालेले हाय ना?’’