माझ्या मानेवरची शाल

मित्रांनो, मी एक जुना रेडिएटर आहे. बिडाचा, अकरा फासळ्यांचा आणि थोडासा मानी. ब्राउनश्वाइगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, खिडकीखाली मी उभा आहे. तळघरातल्या बॉयलरचे गरम पाणी माझ्या अंगातून फिरते आणि खोली उबदार होते. काम एवढेच, पण ते मी साठ वर्षे केले आहे.

वितळलेल्या लोखंडातून माझा जन्म झाला. चौघांनी मला उचलून जिना चढवला, तेव्हा त्यांनी दिलेल्या शिव्या मला अजून आठवतात. मग कितीतरी कुटुंबे आली नि गेली. कुणी माझ्यावर मोजे वाळवले, कुणी मला पांढरा रंग दिला, एकाने तर चक्क हिरवा! कौतुक फारसे कुणी केले नाही. गरम असलो की माझी आठवण कुणाला होत नाही, गार पडलो की सगळ्यांना होते.

तीन वर्षांपूर्वी गुरुदत्त आणि नीता त्यांच्या लहानग्या अन्वीला घेऊन इथे राहायला आले. गेल्या डिसेंबरात गुरुदत्तची आई, संध्याआजी, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि माझी खोली त्यांची झाली. अन्वीला मराठी सगळे कळते, पण उत्तर मात्र जर्मनमध्ये. तरी दोघींचे असे मेतकूट जमले की शाळेतून आली की पोर थेट आजीच्या मांडीवर.

आजींना इथले विकतचे दही पसंत नव्हते. "हे कसलं गुळमुळीत दही!" म्हणत त्यांनी पहिल्याच आठवड्यात दुधाला विरजण लावले, पातेले माझ्या डोक्यावर ठेवले आणि त्याभोवती आपली लोकरीची शाल गुंडाळली. सकाळी कवडीसारखे दही लागले. मला कोण आनंद झाला! तेव्हापासून रोजचाच हा उद्योग. थंडी बेताची होती तोवर कुणाला काही जाणवले नाही.

जानेवारीत पारा उणे बारावर उतरला आणि खोली गारठली. आजींचे गुडघे धरले. गुरुदत्तने माझ्या टोकाचा बारीक स्क्रू किल्लीने सैल केला. फुस्स करून आत अडकलेली हवा गेली, मागोमाग काळे पाणी आले. तरी दुसऱ्या दिवशी मी कोमटच. मग हाउसमायस्टरना, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्या हेर ल्युडेके यांना (इथे 'हेर' म्हणजे श्रीयुत) बोलावणे गेले. ते दोनदा आले. त्यांनी बॉयलरचा दाब तपासला, माझा व्हॉल्व्ह हलवून पाहिला. दोन्ही वेळा मी आपला सणसणीत तापलेला! "आल्झो, बरं तर, हा ठणठणीत आहे," म्हणत ते गेले, आणि संध्याकाळी मी पुन्हा गार.

खरे कारण मला ठाऊक होते, पण सांगू कसे? माझ्या मानेशी एक गोल खुंटी आहे, थर्मोस्टॅट. ती भोवतालची हवा चाचपते आणि खोली पुरेशी तापली की माझे पाणी बंद करते. शालीचे टोक नेमके तिच्यावर पडे. शालीखालच्या उबेने तिला वाटे, झाली खोली गरम! हेर ल्युडेके यांना हे कधी दिसलेच नाही, कारण ते यायच्या दिवशी आजी सकाळपासून आवरायला घेत. "परका माणूस घरात यायचा, पसारा बरा दिसत नाही." पातेले ओट्यावर, शाल कपाटात आणि माझ्या फासळ्या फडक्याने लख्ख. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! नीता तर म्हणू लागली, "घरमालकाला सांगून हा खटारा बदलूनच घेऊ या."

पण मला त्याहून वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. एका संध्याकाळी आजी म्हणाल्या, "गुरू, माझं तिकीट अलीकडचं कर रे. हे गुडघे आता ऐकत नाहीत."

"आई, अजून दोन दिवस बघू या ना," गुरुदत्त म्हणाला. पण शेवटी मार्चऐवजी येत्या रविवारी जायचे ठरले. अन्वी पलंगाखाली जाऊन बसली, जेवायलाही येईना. "नाइन, आजी! ब्लाइब हिअर!" नको जाऊस, इथेच राहा, एवढेच ती म्हणत होती. माझ्यापायी एका नातीची आजी चालली होती आणि मी मख्ख उभा.

शुक्रवारी दुपारी हेर ल्युडेके वरच्या मजल्यावरचे काम आटोपून, न सांगता दारात आले. घरात दोघीच. आजींची धांदल उडाली. त्या पातेल्याकडे धावल्या, पण हेर ल्युडेके आधीच खोलीत पोचले होते. त्यांनी शालीचे टोक दोन बोटांनी उचलले, खुंटी चाचपली आणि पोट धरधरून हसले. "गेनाऊ! हेच ते!" म्हणत त्यांनी अन्वीला सगळे जर्मनमध्ये समजावले. आता आजींना कोण सांगणार? अन्वीने एकेक शब्द शोधत सांगितले, "आजी, शाल काढ. आत गरम आहे, म्हणून त्याला वाटतं खोली गरम आहे. शाल काढली की तो तापणार. मग तू जायचं नाही."

"अगं बाई, म्हणजे मीच की!" आजी मटकन खाली बसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. हेर ल्युडेके यांना वाटीभर दही मिळाले, साखर घालून.

आता विरजण ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवतात. बाहेर बर्फ आहे, आत मी मजेत तापतो आहे. आजींचे तिकीट पुन्हा मार्चचे झाले.

मित्रांनो, आमची मान मोकळी ठेवा, आत अडकलेली हवा वर्षातून एकदा काढा. आणि दुरुस्तीला माणूस येईल, तेव्हा घर रोज असते तसेच त्याला पाहू द्या. त्या शुक्रवारी आजींना आवरायला पाच मिनिटे मिळाली असती, तर रविवारी अन्वी विमानतळावर रडत उभी असती.